झुडपी जमीन पडीक नाही, ती आपली वैरण आहे



आपल्या गावाचा नकाशा तलाठ्याकडून एकदा मागून घ्या. कपाशी-ज्वारीचे गट संपतात आणि वरच्या अंगाला बरड सुरू होते, तिथे एक-दोन मोठे गट दिसतील. नागपूर-वर्ध्याकडे त्यावर 'झुडपी जंगल' किंवा 'गुरचरण' लिहिलेले असेल, वऱ्हाडात 'ई-क्लास'. पुढे आकारणीच्या रकान्यात भोपळा. सरकारच्या लेखी तिथे काही पिकत नाही म्हणून आकार नाही, आणि आकार नाही म्हणून किंमत नाही. ज्या जमिनीला किंमत नाही ती कोणालाही देऊन टाकायला सोपी. वीज उपकेंद्राला जागा पाहिजे, घ्या झुडपी. कचरा टाकायला जागा पाहिजे, घ्या झुडपी. झाडे लावून फोटो काढायचे आहेत, तरी झुडपीच.

आमचे म्हणणे सरळ आहे. या जमिनीवर पीक येते. ते पेरावे लागत नाही, त्याला खत-फवारणी लागत नाही आणि ते बाजार समितीच्या काट्यावर चढत नाही, म्हणून कोणाच्याच हिशेबात येत नाही. ते पीक गवताचे. आपली कोरडवाहू शेती आजवर त्याच्याच जिवावर बैल पोसत आली. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाबद्दल निकाल दिला. त्यानंतर या गवतावर हक्क कोणाचा हे नव्याने ठरणार आहे, आणि आपण गप्प बसलो तर ते आपल्याला वगळून ठरेल. निकालाकडे येतोच. आधी गवत.

आम्ही शेतकीची पदवी घेतली. कापसाच्या जाती पाठ केल्या, खताच्या मात्रा पाठ केल्या. गवत आमच्या अभ्यासात आले ते फक्त तण म्हणून. हरळी, कुंदा, लव्हाळा यांना मारायचे कसे, एवढे शिकलो. ज्या गवतावर गावची ढोरे निम्मे वर्ष जगतात ते ओळखायला आम्हाला शिकवले काटोल तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या गायक्याने. संघटनेच्या कामाने त्या गावी मुक्काम पडला होता. सकाळी आखरावरून ढोरे निघाली, आम्ही त्याच्यामागे बरडावर गेलो. आम्ही त्याला विचारले, "काका, इथे तर सगळे एकसारखेच दिसते." तो हसला. म्हणाला, "भाऊ, तुमाले एकसारकं दिसते. गाईले इचारा. ते पाहा, कुसय सोडून पवन्याच कशी तोडते!"

पुढचे दोन तास आम्ही ढोरांची तोंडे बघत फिरलो. चार वर्षांच्या कॉलेजात जे कळले नाही ते तिथे कळले. पवन्या दिसला की गाय तिथे थांबते. उताराच्या खालच्या बाजूला, जिथे माती जरा काळी आणि ओलसर, तिथे मारवेल. त्यावर बैल मान खाली घालून राहतो ती वर काढत नाही. या गवतांच्या सांदीत रानमूग, शेवरा, बरबडा असल्या शेंगवर्गी वेली आणि रोपे असतात. मुगा-तुरीसारख्या त्याही मुळांवरच्या गाठींत हवेतले नत्र धरतात, म्हणून त्यांच्या पाल्यात प्रथिने जास्त. ढोर त्या वेचून खाते. आणि तिखाडी? तिखाडीला सहसा तोंड लावत नाही. तिच्यात तेल असते, त्याचा वास ढोराला नको असतो. तेच रोशाचे तेल अत्तरवाले विकत घेत आले, हा भाग वेगळा.

कुसळीबद्दल मात्र आपल्याकडे एक गैरसमज आहे. कुसळी म्हणजे वाईट गवत, असे आपण म्हणतो, कारण आपल्याला ती आठवते दिवाळीनंतरची: धोतराला चिकटणारी, शेळीच्या कातड्यात घुसणारी, ढोराच्या तोंडाला इजा करणारी. पण श्रावणात, कुसळे धरण्यापूर्वी, तीच कुसळी ढोरे आवडीने खातात. दोष गवताचा नाही, आपण ते कापतो कधी याचा आहे.

दख्खनच्या या माळांच्या गवताला शास्त्रात पवन्या-मारवेल गटाचे गवत म्हणतात. भारतीय कृषी संशोधन परिषदेने देशभरच्या गवताची पाहणी करून १९७३ साली पुस्तक काढले, त्यात हे वर्गीकरण आहे. त्यातून सामान्य शेतकऱ्याने घ्यायची गोष्ट एकच: माळ बिघडतो तो पायरीपायरीने. राखलेल्या माळावर पवन्या आणि मारवेल असतो. चराई जास्त झाली की ढोरे गोड ते आधी खातात, त्याला बी धरू देत नाहीत, आणि कुसळी माजते. तिच्यावरही ताण पडला की बारीक काड्यांचे, तीन-तीन कुसळांचे गवत येते, ज्यात पाला नावालाच. त्यानंतर उघडा मुरूम. मग तरोटा, रानतुळस, गाजर गवत. आपल्या गावचे बरड कोणत्या पायरीवर आहे हे सांगायला कोणा साहेबाची गरज नाही. पावसाळ्यात एक चक्कर मारली की कळते. बहुतेक गावे आज तिसऱ्या-चौथ्या पायरीवर आहेत, हे आम्ही कबूल करतो. त्याचे कारणही पुढे सांगू, त्यात आपलाही हात आहे.

आता थोडे शास्त्र, कारण इथेच पैसा आहे. कोवळ्या गवतात प्रथिने साधारण ६ ते ८ टक्के असतात. बी पडून वाळले की ती २-३ टक्क्यांवर येतात. ढोराच्या पोटात जे जिवाणू गवत कुजवून पचवतात त्यांनाही प्रथिने लागतात. चाऱ्यात ती ६-७ टक्क्यांच्या खाली गेली की जिवाणू उपाशी, मग चारा पोटात पडून राहतो आणि ढोर खाणेच कमी करते. म्हणून चैत्रात समोर कडब्याचा ढीग असून बैलाच्या बरगड्या दिसतात. तो उपाशी नसतो, त्याला पचत नसते.

या वेळी कामाला येते ती झुडपे. ज्या 'झुडपी'ला सरकारी भाषेत निकृष्ट म्हणतात तिच्यातली बोर, बाभूळ, हिवर. माघ-फाल्गुनात बाभळीच्या शेंगा गळतात, हिवराच्या शेंगा शेळ्या शोधत फिरतात. बोरीचा पाला आणि बाभळीच्या शेंगा यांत प्रथिने १२ टक्क्यांच्या पुढे असतात. मूठभर असे काही पोटात गेले की तोच वाळका कडबा पचायला लागतो. ढेप विकत आणून आपण जे करतो तेच काम फुकटात. पावसाळ्यात गवत, उन्हाळ्यात झुडूप, अशी ही जोडी आहे. हजारो वर्षे ढोरे त्याच्यावर जगली, आणि आपण तिला पडीक म्हणायला शिकलो.

हिशेब करून बघा. साडेतीनशे किलो वजनाच्या बैलाला रोज ७-८ किलो सुका चारा लागतो. आषाढापासून कार्तिकापर्यंत दीडशे दिवस त्यातला निम्मा तो बरडावर आणि धुऱ्यावर खातो असे धरा. झाले सहा क्विंटल. दोन बैल आणि एक गाय, अठरा क्विंटल. कोरडवाहू एकरभर ज्वारीचा कडबा साधारण एवढाच भरतो. तुमच्या बाजारातला कडब्याचा भाव लावा. ही रक्कम कापसाच्या उत्पादन खर्चात कोणी धरतो काय? हमीभाव काढणारे धरत नाहीत, कारण चराई फुकट. पण चराई गेली की ती रक्कम तुमच्या खिशातून जाते, आणि तेव्हाही ती पूर्ण धरली जात नाही.

त्यात ज्वारी गेली. ज्या शेतात संकरित कपाशी आणि ज्वारीचे फेर होते तिथे सोयाबीन आले. सोयाबीनचे कुटार ज्वारीच्या कडब्याची जागा घेऊ शकत नाही. पऱ्हाटी ढोर खात नाही. वेचणी संपल्यावर पऱ्हाटीत ढोरे सोडून जे मिळेल ते मिळेल. म्हणजे घरचा कडबा घटला, आणि ज्या बरडाने तूट भरून काढायची तेही हातचे चालले. २०१५ पासून गोवंश हत्याबंदी बैलांनाही लागू झाली, म्हातारा बैल विकून नवा घ्यायची जुनी रीत मोडली. त्याही बैलाला चारा लागतोच. मग शेतकऱ्याने बैलजोडी मोडून भाड्याचा ट्रॅक्टर धरला तर त्याला आधुनिक झाला म्हणायचे, की त्याचे गवत संपले म्हणायचे?

आपल्या जनावरांच्या जाती या गवतानेच घडवल्या. वर्धा-नागपूरची गवळाऊ पांढरी, चपळ, हलक्या अंगाची. मराठ्यांच्या फौजेचे सामान जलद वाहून नेण्यासाठी तिची ख्याती होती. आर्वी-कारंजाकडचे नंद गवळी तिला जंगल-माळावर फिरवून सांभाळत आले. आज बोरच्या जंगलात, २०१४ साली व्याघ्रप्रकल्प झाल्यापासून, त्यांच्या चराईची कोंडी झाली आहे. नागपुरी म्हैस, बेरारी शेळी, दोघी अशाच. संकरित गाय गोठ्यात हिरवा चारा आणि पेंड मागते. बरडावर चढून पोट भरणे तिला जमत नाही. चारा संपला की जात संपते, मग पशुसंवर्धनाच्या कितीही योजना काढा.

ही जमीन आपल्या हातून गेली कशी, तेही बघितले पाहिजे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. कपाशीखाली जमीन येत गेली ती मुख्यत्वे कुरणांची. दुसरीकडून वनखात्याने डोंगर-दऱ्या ताब्यात घेतल्या. महात्मा फुल्यांनी १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये याच गोष्टीवर सरकारला फटकारले होते: शेतकऱ्याची चराईची राने वनखात्याने घशात घातली म्हणून त्याची ढोरे मेली. छप्पनच्या दुष्काळात, १८९९-१९०० साली, माणसांआधी ढोरे मेली ती चारा नव्हता म्हणून.

पूर्व विदर्भात मालगुजारी होती. मालगुजाराच्या जमिनीत गावाला निस्ताराचा हक्क होता: चराई, सरपण, कुंपणाच्या काट्या. १९५१ साली मालगुजारी संपली, ही जमीन सरकारजमा झाली आणि दप्तरात 'झुडपी जंगल' म्हणून चढली. वापर तोच राहिला, ढोरे चरत राहिली. पुढे १९८० साली वनसंवर्धन कायदा आला आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'वन' शब्दाची व्याख्या रुंद केली. दप्तरात जिथे जंगल शब्द आहे ते वन. आपले बरड एका शब्दामुळे कात्रीत सापडले.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून असे झुडपी जंगल सुमारे १ लाख ७८ हजार हेक्टर. सरकारने त्याचे दोन भाग पाडले. सुमारे ९२ हजार हेक्टर वनासाठी योग्य. ८६ हजार ४०९ हेक्टर वनासाठी अयोग्य, म्हणून ते रस्ते, पाटबंधारे, घरे, इमारतींसाठी मोकळे करावे अशी मागणी. ही विभागणी नीट बघा. तिथे मुरूम आहे, झाड वाढत नाही, म्हणून अयोग्य. झाड वाढत असेल तर वनखात्याची, झाड वाढत नसेल तर बांधकामाची. गवत वाढते, ढोर जगते, हा तिसरा रकाना त्या तक्त्यात नाहीच!

२२ मे २०२५ च्या निकालाने झुडपी जंगल हे वनच आहे असे ठरवले. १९९६ पूर्वी दिलेल्या जमिनींवरची घरे, शाळा, कचेऱ्या यांना दिलासा देण्याचा मार्ग ठेवला. तीन हेक्टरपेक्षा लहान आणि जंगलाला लागून नसलेले तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करण्याबाबत सांगितले. महसूल खात्याकडे उरलेली झुडपी जमीन वनखात्याकडे सोपवायलाही सांगितले. बांधकामवाल्यांपासून जमीन वाचली, हे आम्ही चांगलेच मानतो. शहराजवळच्या झुडपीवर कोणाचा डोळा होता हे नागपूरच्या माणसाला सांगायला नको. पण वनखात्याकडे गेलेल्या बरडाचे पुढे काय होते याचा अनुभव आपल्याला आहे. आधी तारेचे कुंपण. मग खड्डे, किंवा उतारावर समतल चर, म्हणजे पवन्याचे ठोंब मुळासकट उलटे. मग गिरिपुष्प, कारण ते ढोर-शेळ्या खात नाहीत, म्हणून टिकते. २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत राज्यात कोट्यवधी झाडे लावण्याची मोहीम झाली. शेवटच्या वर्षी लक्ष्य ३३ कोटींचे होते. त्यातली किती खरोखर जंगलात लागली आणि किती चांगल्या गवताच्या माळावर, हे प्रत्येक गावाने आपल्यापुरते मोजावे. ज्या मातीत वीतभर खाली मुरूम लागतो तिथे झाडाचे जंगल उभे राहत नाही. गवत मात्र तीच वीतभर माती धरून ठेवते. आणि रोही हे मुळात माळा-झुडपातले जनावर आहे; त्याचा माळ उलटा केल्यावर ते आपल्या हरभऱ्यात येणार नाही तर कुठे जाणार?

दुसरे संकट गुरचरणावर आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात सरकारी जमिनी, गायरानांसह, सौर प्रकल्पांना दिल्या जात आहेत. शेतीला दिवसा वीज ही आपलीच जुनी मागणी, तिला आमचा विरोध नाही. पण त्यासाठी गावचे एकमेव चराईचे रान निवडण्याआधी ग्रामसभेत निदान ढोरे मोजा की!

आता आपला दोष. बरड सर्वांचे, म्हणून राखायचे कोणी नाही. पहिल्या पावसाचे कोंब दिसले की दुसऱ्या दिवशी ढोरे वर. गवताला पहिले सहा आठवडे मिळाले नाहीत तर मुळात साठा होत नाही, बी धरत नाही. धुऱ्यावर पूर्वी मारवेल असायचा, बायामाणसे निंदण करून येताना भारा घेऊन यायच्या. आता धुऱ्यावरही तणनाशक. मजुरी वाचते हे खरे, मजूर मिळत नाही हेही खरे. कपाशीच्या ओळीत मारा, आमची ना नाही. धुऱ्यावर कशाला? तिथला मारवेल मेला की त्याची जागा गाजर गवत घेते. आणि गावातल्या बड्यांनी कडेकडेने जे दहा-दहा एकर वहितीत ओढले, त्याबद्दल ग्रामसभेत कोणी बोलत नाही. भूमिहीनाच्या दोन एकरांवर मात्र सगळ्यांचे बोट. आधी मोठ्यांचे मोजा.

माळ सुधारतो, हे होऊ शकते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने डोंगरावर मोकळी चराई बंद केली, गवत विळ्याने कापून न्यायची मुभा ठेवली. अकोला-वाशिमकडे फासेपारध्यांनी, ज्यांना आपण आयुष्यभर चोर म्हणत आलो, गवताचे माळ राखून पुन्हा उभे केले. सरसकट बंदीच्या आम्ही मात्र विरुद्ध आहोत. दोन शेळ्यांवर जगणाऱ्या बाईने शेळ्या कुठे न्यायच्या? बरडाचे तीन तुकडे पाडा. एक तुकडा दरवर्षी पोळ्यापर्यंत बंद, पुढच्या वर्षी दुसरा. बंद तुकड्यातले गवत फुलोऱ्यावर येताच कापा. आपण दिवाळीनंतर, कापसाची पहिली वेचणी उरकून गवताला हात घालतो, तोवर त्याची काडी झालेली असते. पोळा ते दसरा हा वेळ साधा. मजुरीची अडचण येते, वेचणी तोंडावर असते, म्हणून सारे गाव मिळून आठ दिवस ठरवून काढले तरच हे होईल. पवन्याचे बी गोळा करून पहिल्या पावसाआधी वर-वर फेका, खोल पुरू नका. मारवेलचे ठोंब धुऱ्यावर लावा.

आणि हक्काचे काम. २००६ च्या वनहक्क कायद्यात निस्तार आणि चराई हे सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेले आहेत. झुडपी जर वन असेल, तर हा कायदाही तिथे लागू व्हायला पाहिजे. वन म्हणायचे फक्त कुंपण घालताना, आणि हक्क मागताना महसुलाची जमीन म्हणायचे, हे चालू द्यायचे नाही. अधिकारी हरकत घेतील की तुम्ही कापूसवाले, वननिवासी कसे? आदिवासी नसलेल्यांना ७५ वर्षांचा पुरावा मागतील. म्हणून कागद आतापासून जमवा. जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ प्रमाणे गावाचे निस्तार पत्रक असते, त्यात चराईच्या अटी लिहिलेल्या असतात. वाजिब-उल-अर्जात गावच्या जुन्या वहिवाटी असतात. दोन्हींच्या नकला तहसीलमधून काढा. 'सापडत नाही' असे उत्तर मिळाले तर ते लेखी घ्या.

वनहक्काच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हाही पुरावा धरला आहे. ढोरे कोणत्या वाटेने जात, पाणी कुठे पीत, दुपारी कोणत्या झाडाखाली बसत, पवन्या कुठपर्यंत होता, हे ज्याला माहीत आहे असा म्हातारा गायकी किंवा ढोरकी तुमच्या गावात अजून असेल. जिल्हा बैठकीला येताना नकाशा आणा, निस्तार पत्रकाची नक्कल आणा, आणि त्याला एस.टी.चे भाडे देऊन सोबत आणा. त्याचा जबाब तिथेच बसून लिहून घेऊ.